ब्रेकचं तेल

मुरबाडच्या बाजाराबाहेर एक मेस्त्री फक्त ब्रेकचं काम करायचे. माळशेज घाट रोज चढणारे-उतरणारे जीपवाले त्यांच्या शब्दावर गाडी उतारावर सोडत. त्या माणसाच्या या शब्दाची पत मी भर दुपारी, चार लोकांत घालवली. चूक माझी होती. हे आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी शहापूरकडच्या एका खेड्यात मास्तर. घरी भातशेती, एक ट्रॅक्टर, आणि डोक्यात कॉलेजपासून दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार. चाळिशी उलटल्यावर ती एकदाची मिळाली. अकरा वर्षं जुनी, पण चाललेली जेमतेम नऊ हजार किलोमीटर. हे नऊ हजार मी भेटेल त्याला ऐकवत सुटलो. गाडी जमिनीला चिकटून चालायची, म्हणून गावाने तिचं नाव 'चप्पल' ठेवलं. बायको म्हणाली, "हिच्यात बसायचं की निजायचं?"

मेस्त्रींनी गाडी वर उचलून पाहिली आणि माझा तोरा एका वाक्यात उतरवला. "गुरुजी, कमी चाललीय म्हंजे जास्त उभी राहिलीय. उभ्या गाडीचं रबर मरतं." ब्रेकचे पाइप बोटाने वाकवून त्यांनी मला भेगा दाखवल्या. चार दिवस खपून पाइप, सील, सगळं बदललं. चावी देताना म्हणाले, "बिनघोर न्या. ब्रेकची जबाबदारी माझी. फक्त अधनंमधनं ऑइल बघत जा, कमी वाटलं तर टाका."

माझी सगळी घोडचूक त्या 'ऑइल' शब्दात आहे. ब्रेकच्या डबीत असतं ते पातळ, पाण्यासारखं, वेगळंच रसायन. पण आमच्याकडे त्यालाही सगळे ऑइलच म्हणतात. आणि आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक तर खरोखर गिअरच्या तेलात बुडालेले असतात. ते तेल मी इतकी वर्षं स्वतःच्या हाताने भरत आलोय. मग मला कोण काय शिकवणार?

दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपली आणि आम्ही बायकोच्या माहेरी, घाटापलीकडे जायला निघालो. आदल्या सकाळी बॉनेट उघडलं तर डबीतलं तेल रेघेच्या जरा खाली दिसलं. पडवीतला ट्रॅक्टरचा कॅन उचलला, स्वयंपाकघरातलं नरसाळं घेतलं आणि दोन घोट ओतले. नरसाळ्याला लागलेल्या वासावरून बायको दिवसभर करवादत होती.

जाताना काही झालं नाही. दोन दिवसांनी परत निघालो तेव्हा ब्रेक कडक लागत होता आणि पाय काढला तरी गाडी कुणी मागून धरल्यासारखी जड चालत होती. नवीन सील आहेत, बसतील हळूहळू, अशी मीच माझी समजूत घातली. घाट उतरायला लागलो आणि जळका वास आला.

"अहो, बाजूला घ्या ना जरा."

"पुढच्या वळणावर घेतो," मी म्हणालो. पुढच्या वळणावर पाय दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं.

"थांबवा ना!"

"थांबत नाय!" इतकी वर्षं शाळेत शुद्ध बोलणारा मी, त्या क्षणी आजीच्या भाषेत ओरडलो.

तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, वेग थोडा तुटला, पण उतार संपेना. पुढे भाजीचा टेम्पो, समोरून चढणारी एसटी, कठड्यापलीकडे नुसती हवा. मी हँडब्रेक ओढत होतो, सोडत होतो, पुन्हा ओढत होतो. बायकोने दोन्ही हात समोर टेकले होते. मग डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामाची खडी पडलेली दिसली. मी गाडी तिच्यात घातली. पुढचा भाग फुटला, चाकं रुतली, आणि आम्ही थांबलो. मी उतरून उलटी केली.

क्रेनला लटकवून गाडी मुरबाडला नेईपर्यंत माझ्या भीतीचा संताप झाला होता. गॅरेजमध्ये तीन जीपवाले उभे होते. त्यांच्यादेखत मी मेस्त्रींवर तोंड सोडलं. "माझ्या बायकोचा जीव गेला असता! कसली जबाबदारी घेता तुम्ही?" असं बरंच काही. दहा मिनिटं तरी बोलत असेन.

मेस्त्रींनी डबीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. "गिअर ऑइल," ते म्हणाले. "ह्याच्यानं रबर फुगतं. ब्रेक धरूनच राहतात, तापून मरतात." मग त्यांनी मागे वळून फळीकडे पाहिलं. तिथे ब्रेकचा आणि गिअर ऑइलचा, दोन्ही कॅन शेजारी शेजारी होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "माझाच हात चुकला असंल. आताशा नीट दिसत नाय. माफ करा, गुरुजी."

मला लख्ख कळलं होतं. बायकोलाही कळलं होतं, तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. एवढा आरडाओरडा केल्यावर तोंडातून ते वाक्य बाहेर येईना. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना उभं करणारा हाच माणूस.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी सांगू शकले असते. पण मी सांगितलं असतं तर तुमचं काय राहिलं असतं?"

तरीही मी आठ दिवस लावले. गाडी अजून दुरुस्त व्हायचीय, शाळेत परीक्षा आहेत, कारणांना काय तोटा! नवव्या दिवशी गेलो तर मेस्त्री एका स्कूटरचं पंक्चर काढत बसले होते. ब्रेकसाठी आलेला जीपवाला बाहेर विनवण्या करत होता आणि ते मान हलवत होते, "कल्यानला जा बाबा. घाटातली मानसं असतात तुझ्या गाडीत."

मी त्या जीपवाल्यासमोरच सांगितलं. ट्रॅक्टरचा कॅन, नरसाळं, सगळं.

मेस्त्रींनी हात पुसले. "त्या दिवशीच ठाऊक होतं तुमाला?"

"हो."

"आठ दिस मला झोप नाय, गुरुजी. कुठल्या कुठल्या गाडीत काय टाकलं असंल, तेच आठवत बसलोय."

ते उठले, जीपवाल्यापुढे हात केला आणि म्हणाले, "आन चावी. बघतो." गाडीखाली शिरता शिरता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमची मात्र कल्यानला न्या."