तिहाकाकूनं कातरलेली दाढी

एड्रियाटिक समुद्रातल्या आमच्या राब बेटावर तिहाकाकूसारखी मेंढी कातरणारं कुणी नव्हतं. तिच्या हाताखाली जनावर ओरडत नसे. आमचे पाद्री देसिन्याबाबा तिचे यजमान. ते आपल्याच बोलीत प्रार्थना म्हणायचे. त्यांची दाढी छातीपर्यंत होती, आणि लोकरीचा हंगाम सरला की काकूच ती सारखी करायची.

मग मठात समुद्रापलीकडचे नवे मठाधीश आले. त्यांनी साऱ्या पाद्र्यांना बजावलं, प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणा, दाढी काढा, बायकोपासून वेगळे राहा. नाही जमलं तर वेदीपाशी उभं राहू नका.

"लॅटिन येतं का हो तुम्हाला?" काकूनं विचारलं.

"मोडकंतोडकं. देव सांभाळून घेईल."

"मग दाढी देऊन टाका. तेवढ्यावर गप्प बसतील."

आम्हालाही तसंच वाटलं. मठाचा माणूस पहिली लोकर घेऊन गेला की वर्षभर दारात फिरकत नाही, हेच आम्ही जन्मभर पाहिलेलं.

अंगणात काकूनं त्यांना बसवलं. कुंपणापलीकडून मी ओरडले, "काकू, घट्ट धरा, मेंढा लाथ मारेल!"

"कसली लाथ मारतोय," बाबा म्हणाले, "मान हिच्या हातात आहे."

दाढी उतरली आणि खालून पोरासारखी नाजूक हनुवटी निघाली. काकूचं हसू थांबलं. "अगंबाई, लग्नात अस्से दिसत होता."

दाढी फडक्यात बांधून बाबा मठात गेले. परतले ते घोंगडी न्यायला.

"दाढीचं चांगलं केलंस म्हणाले. आजपासून मठातच राहायचं म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? वेदी सोडून मला दुसरं येतं काय, तिहा?"

"मला सोडायला आलं की."

घोंगडीची घडी काकूनंच केली, आत चीजचा गोळा ठेवला. हे नियम देवाचे की माणसांचे, मला कळत नाही. त्याची करुणा भाकते, एवढंच.

नाताळानंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणाला पाद्री घरोघरी पवित्र पाणी शिंपडतात. त्या दिवशी बोरा, तो डोंगराकडून येणारा बोचरा वारा, सुटला होता. काकूनं चूल पेटवून ठेवली, त्यांची तिपाई शेकाशी ओढली. मी तिच्याकडेच होते. बाबा आले, बरोबर मठातला एक जण. बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या. वारा बघा केवढा."

त्यांनी तिथूनच लॅटिनमध्ये अडखळत चार शब्द म्हणून पाणी शिंपडलं. वाऱ्यानं ते उलटं फिरवलं आणि त्यांच्याच उघड्या हनुवटीवर आणून मारलं. काकूनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरून हात पुढे केला. बरोबरचा खाकरला. हात तिथंच थांबला.

"तोंड पुसा हो," ती म्हणाली, "गारठाल."

बाबांनी बाहीनं तोंड पुसलं आणि ते माझ्या घराकडे वळले.