टाकेताईचे चोरखिसे

आमच्या शाळेत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मुलींनी तिला टाकेताई म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्ही शिक्षिकाही तेच म्हणू लागलो. मी त्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली सोळा वर्षं मधल्या सुट्टीत तिच्या खोलीत बसून डबा खाल्ला. त्यामुळे जे झालं ते मला आतून माहीत आहे. थोडी मीही त्यात होतेच.

शाळा खाजगी, फक्त मुलींची, सहाशेच्या वर पट. मुलींचे निळे ट्युनिक बाहेरून शिवून यायचे, पण त्यानंतरचं सगळं टाकेताईकडे. उंची वाढली की दुमड सोडायची, उसवलेली चुणी धरायची, काज फाटलं की नवं करायचं, स्नेहसंमेलनाला चाळीस जणींचे पंख शिवायचे. तळमजल्यावर तिची शिवणखोली होती. दोन मोठ्या खिडक्या, पायाचं एक मशीन, मोटारीचं एक, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली दोऱ्यांची रिळं. बोलायला फटकळ, हाताला मऊ. मुली टाचण्या टोचून घ्यायला तयार असत पण तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून माप देत नसत.

त्या ट्युनिकला खिसा नव्हता. एकही नाही. आमच्या जुन्या मोठ्या बाईंना, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना, ते शिस्तीला धरून वाटायचं. एकदा सहावीतली एक मुलगी जिन्यात धाप लागून खाली बसली. तिचा दम्याचा पंप होता, पण तो तिसऱ्या मजल्यावर दप्तरात. कोणीतरी धावत जाऊन आणला, मुलगी सावरली, प्रकरण मिटलं. टाकेताई मात्र दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, सगळ्यांच्या ट्युनिकला एकेक खिसा लावू का? कापड उरतं माझ्याकडे."

बाई म्हणाल्या, "मुलींचे हात खिशात बरे दिसत नाहीत."

टाकेताई परत आली, दार लोटून घेतलं आणि त्या मुलीच्या ट्युनिकला उजव्या बाजूच्या चुणीआड अस्तराच्या कापडाचा खिसा बसवला. बाहेरून शिवणसुद्धा दिसेना. मी समोर बसून भात खात होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मी डब्यात पाहिलं.

अशी गोष्ट मुलींच्यात लपून राहत नाही. महिन्याभरात दुसरी आली, मग तिसरी. एकीला चष्मा ठेवायला हवा होता, एकीला घराची किल्ली, कारण आईवडील दोघंही कामावर. पण मोठ्या वर्गातल्या बहुतेक जणी ज्या कारणाने यायच्या ते त्या बोलून दाखवत नसत. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ताई, ते... तुम्ही तिला करून दिलंत ना, तसं मलाही." टाकेताई विचारायची नाही. "काढ आणि तो झगा घाल तोवर," एवढंच. असं अकरा वर्षं चाललं. शिक्षिकांपैकी निम्म्या जणींना माहीत होतं आणि सगळ्याच गप्प होत्या.

मग जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या मोठ्या बाई आल्या. एकट्या आल्या नाहीत. एक उपमुख्याध्यापिका, खेळाच्या एक नव्या प्रमुख आणि मुलींशी बोलायला एक समुपदेशक, असा सगळा नवा संच. शिक्षकखोलीत नुसता ऊत आला. कोणी म्हणे आता रोज अहवाल द्यायचे, कोणी म्हणे पन्नाशीच्या पुढच्यांना घरी बसवणार. नव्या बाई तशा सरळ होत्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, ऐकताना मान तिरकी करणाऱ्या. पहिल्या पंधरवड्यात त्या शिपाईमावशींपासून सगळ्यांकडे स्वतः जाऊन दहा दहा मिनिटं बसल्या.

शिवणखोलीतही बसल्या. त्या गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गोड बोलल्या," टाकेताई म्हणाली. "पण बोलताना पावलांनी खोली मोजत होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझी खोली गेली बघ."

तिचं खरं ठरलं. आठवड्याभरात कळलं की समुपदेशकांना उजेडाची आणि दार बंद होणारी खोली हवी, म्हणून शिवणखोली त्यांना द्यायची. टाकेताईने सभागृहामागच्या सामानाच्या खोलीत जायचं. त्या दिवशी टाकेताईने मशीन फार जोरात चालवलं.

हलवाहलव अजून व्हायचीच होती, तोच सहामाही परीक्षा आली. नववीच्या वर्गावर खेळाच्या नव्या प्रमुख होत्या. त्यांना एका मुलीचा हात वरचेवर चुणीत जाताना दिसला. त्यांनी तिला उभं केलं. चुणीआडून खिसा निघाला आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी, गणिताची सूत्रं लिहिलेली.

मुलीने चिठ्ठी कबूल केली. खिसा कोणी शिवला म्हटल्यावर म्हणाली, "माझ्या आईने." उपमुख्याध्यापिकांनी लगेच आणखी चौघींच्या चुण्या पाहिल्या. चौघींनाही खिसे, चौघींचाही टाका एकसारखा. आणि चौघींचंही एकच उत्तर, "आईने शिवला." पाचही आयांना दुसऱ्या दिवशी शाळेत यायचं बोलावणं गेलं.

मी हे टाकेताईला सांगितलं तेव्हा तिच्या हातात कात्री होती. ती खाली ठेवून ती म्हणाली, "त्या पोरीच्या आईला सुईत दोरा घालता येत नाही. ती माझ्याकडे बटणं लावायला पाठवते."

"मग आता?"

"आता काय. त्या बायका काय सांगणार उद्या?"

तिचा नवरा घरांना रंग देण्याचं काम करायचा, गप्पिष्ट माणूस. संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसत सुटला. "खिसे कापणारे पुष्कळ ऐकलेत, पण चोरून खिसे शिवणारी तूच पहिली!" मग ती हसत नाही हे पाहून गंभीर झाला.

"अहो, काढून टाकलं तर?"

"तर घरी शिव. दोन मशीनं ठेवायला माझ्या रंगाच्या डब्यांची जागा मोकळी करून देतो. पण पोरींना खोटं बोलायला लावून तू तिथे बसू शकणार नाहीस. तुला जमणार नाही ते."

हे तिने मला सकाळी फाटकाशी सांगितलं आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. दारापर्यंत." मी आतपर्यंत गेले, कारण मलाही लाज वाटत होती.

नव्या बाई उभ्यानेच चहा पीत होत्या. टाकेताई खुर्चीवर बसली नाही. "बाई, त्या आयांना बोलावू नका. खिसे मी शिवलेत. चिठ्ठी तिची, खिसा माझा."

बाईंनी कप खाली ठेवला. "किती शिवलेत?"

"मोजले नाहीत. आत्ता शाळेत असलेल्यांत दीडशे तरी."

"दीडशे!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला माहीत होतं, बाई. पहिल्यापासून."

"आधीच्या बाईंना विचारलं होतंत?"

"विचारलं होतं. नाही म्हणाल्या."

"मग मला का नाही विचारलंत? मी आले त्याला चार महिने झाले. तुमच्या खोलीत येऊन बसले होते मी."

"विचारणार होते," टाकेताई म्हणाली. "पण तुम्ही खोली मोजत होतात."

बाईंच्या चेहऱ्यावर राग आला की दुसरं काही, ते मला तेव्हा समजलं नाही. मग त्या बसल्या आणि टाकेताईलाही बसायला सांगितलं. "खोली मी समुपदेशकांनाच देणार. मुलींना रडायला जागा नाही या इमारतीत. तो निर्णय बदलणार नाही. आणि न विचारता गणवेश बदललात त्याचा लेखी मेमो तुम्हाला मिळेल."

"द्या."

"आणि शुक्रवारी पालकसभा आहे. माजी विद्यार्थिनी येतात, संस्थेचे लोकही येतात. एक ट्युनिक घेऊन या आणि खिसा का शिवलात ते सगळ्यांना सांगा."

टाकेताई मेमो ऐकून डगमगली नव्हती, हे ऐकून पार घाबरली. "बाई, मी मशीनशी बोलते. माणसांसमोर नाही बोलले कधी."

"मग मशीनशी बोलता तसंच बोला."

त्याच दुपारी ती चिठ्ठीवाली मुलगी शिवणखोलीत आली. माफी मागायला आली होती. टाकेताईने तिला असं फैलावर घेतलं की मला घास गिळवेना. "मी तुला खिसा कशाला दिला होता? कॉपीला? तुझ्यापायी दीडशे जणींचे खिसे जातील आता!" मुलगी रडत गेली. तिचा गणिताचा पेपर रद्द झाला, महिन्याने पुन्हा घेतला. त्यानंतर ती वर्षभर शिवणखोलीकडे फिरकली नाही. टाकेताई मनातून फार खजील झाली होती, पण बोलवायचंही तिला जमलं नाही.

शुक्रवारी सभागृह भरलं. उपमुख्याध्यापिकांनी आधी आपलं म्हणणं मांडलं. त्या काही वाईट नव्हत्या, कामात चोख होत्या. खिसा आला की चिठ्ठी येणार, फोन येणार, तेव्हा सगळे खिसे उसवून टाकावेत, असं त्या म्हणाल्या. बऱ्याच माना हलल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वडील उठले. सोफ्यांची कव्हरं शिवण्याचा त्यांचा धंदा होता. "माझ्या अंगावर आत्ता सहा खिसे आहेत. शाळेत असतानाही चार होते. पण मी कॉपी केली ती मोज्यातून." सभागृह हसलं. उपमुख्याध्यापिकाही हसल्या.

मग टाकेताई उभी राहिली. ट्युनिक उलटा करून तिने हातावर धरला होता. पंपाची गोष्ट तिने दोन वाक्यांत उरकली. मग थांबली. मला वाटलं, संपलं. पण ती ट्युनिककडे बघूनच पुढे बोलू लागली.

"मोठ्या मुली येतात त्या त्यांच्या महिन्याच्या दिवसांसाठी येतात. वर्गातून उठायचं, चाळीस जणींसमोर दप्तर उघडायचं, पॅड काढून वहीत घालायचं आणि वही घेऊन बाथरूमला जायचं. वही घेऊन बाथरूमला कोण जातं? सगळ्या वर्गाला कळतं. काही पोरी त्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. म्हणून मी शिवते. परवानगी नव्हती, ते चुकलं. पण खिसा शिवला ते चुकलं असं मला वाटत नाही."

पुरुषांनी माना खाली घातल्या. पहिल्या रांगेत संस्थेच्या एक सभासद होत्या, पिकल्या केसांच्या, याच शाळेत शिकलेल्या. गणवेश बदलायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आम्ही पट्ट्याखाली खोचायचो." मग जरा वेळाने, "माझं एकदा पडलं होतं. मधल्या जिन्यात, वरून खाली वर्ग येत असताना. मी साठीला आले, अजून त्या जिन्याने जात नाही. दुसऱ्या बाजूने वर जाते."

त्यानंतर खिसे ठेवायचं ठरलं, पण उपमुख्याध्यापिकांची एक अट मान्य झाली. खिसे चोरून नकोत, दोन्ही बाजूंना, शिवणीत, दिसतील असे. परीक्षेला मुलींनी ते उलटे करून दाखवायचे.

ठरवणं सोपं होतं. सहाशेंच्या वर ट्युनिक, म्हणजे बाराशेंच्या वर खिसे. टाकेताईने नव्या बाईंना स्पष्ट सांगितलं, "एकटीने होणार नाही." बाईंनी पालकांना चिठ्ठी पाठवली की ज्यांना मशीन चालवता येतं त्यांनी शनिवारी यावं. पहिल्या शनिवारी अकरा आया, दोन आज्या आणि ते सोफ्याचे वडील आले. सभागृहात टेबलं मांडली. नव्या बाईंना शिवता येत नव्हतं, त्या उसवायला बसल्या. मला खडूने खुणा करायचं काम मिळालं. उपमुख्याध्यापिका इस्त्रीला होत्या. टाकेताई टेप गळ्यात घालून सगळ्यांमधून फिरत होती आणि कोणाचीही भीड ठेवत नव्हती. "बाई, तुमचं उसवणं म्हणजे फाडणं आहे. हळू." बाई म्हणाल्या, "बरं." असे सहा शनिवार गेले. नवे-जुने, पालक-शिक्षक हा जो ताण शाळेत होता, तो त्या सहा शनिवारांत बराच सैल झाला. सभांनी ते झालं नसतं.

वर्षअखेरीला टाकेताई सामानाच्या खोलीत गेली. एकच खिडकी, तीही उत्तरेला. ती महिनाभर कुरकुरत होती. मेमो मिळाला, त्यावर तिने सही केली. तो तिच्या फायलीत राहिला आणि नव्या बाईंनी तो कधी काढून टाकला नाही. त्या दोघी काही मैत्रिणी झाल्या नाहीत. बाई तिच्या तोंडाला जरा बिचकूनच असत.

पुढच्या वर्षी खेळाचा गणवेश नवा करायचं ठरलं तेव्हा मी तिथेच डबा खात होते. बाई स्वतः कापडाचा नमुना घेऊन सभागृहामागे आल्या. टाकेताईने कापड उजेडात धरलं, चिमटीत चुरगाळलं, ताणून सोडलं.

"चार धुण्यांत पारदर्शक होईल," ती म्हणाली.

बाईंनी नमुना घडी करून पिशवीत घातला आणि विचारलं, "मग कोणतं घेऊ?"