आठ-एकेचाळीसचा क्राउन

लडकू भोईर बावीस वर्षं माथेरानचा घाट चढत होता. कशेळ्याजवळच्या गावात घर, भावाभावांत वाटली गेलेली थोडी भातजमीन आणि अंगणात उभी एक जुनी पिकअप, एवढा त्याचा संसार. रोज सकाळी नेरळला जाऊन तो भाजी, दुधाचे क्रेट, पाण्याचे जार आणि लाँड्रीतून आलेल्या चादरींची गाठोडी भरायचा आणि दस्तुरी नाक्यावर नेऊन उतरवायचा. तिथून पुढे मोटारीला बंदी. माल घोड्यांवर आणि हातगाड्यांवर जातो. माथेरानातल्या एका मोठ्या हॉटेलचा सगळा माल लडकूच्याच गाडीतून जात असे. दरड कोसळून घाट बंद पडला ते दिवस सोडले, तर त्याचा खाडा कुणाला आठवत नव्हता.

त्या घाटात काही वळणं अशी आहेत की भरलेली गाडी तिथं थांबली, तर ती पुन्हा उठवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. लडकूची गाडी उठायची. कारण होतं मागच्या अ‍ॅक्सलमध्ये. इंजिनाकडून मागं येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते मोठ्या चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवतं आणि क्राउन मागची चाकं फिरवतो. लडकूच्या पिनियनला आठ दात होते, क्राउनला एकेचाळीस. शाफ्ट पाच वेळा फिरायची तेव्हा चाक एकदा फिरायचं. अशी गाडी सपाट रस्त्यावर रडतखडत पळते, पण चढाला मागं हटत नाही. पिनियन दहा दातांचं टाकलं की तीच गाडी हायवेला सुसाट जाते आणि घाटात कच खाते.

हे सगळं लडकूला शिकवलं होतं साईनाथनं. साईनाथचं गॅरेज कर्जतला, भिसेगावात. त्यानं ते सुरू केलं तेव्हा शेड नव्हती, रस्त्याकडेच्या जांभळीखाली एक जॅक आणि एक पेटी होती. पहिली गाडी तिथं लावली ती लडकूनं. पुढं कशेळ्यापासून नेरळपर्यंतच्या निम्म्या टेंपोवाल्यांना "साईकडंच जा" असं सांगितलं तेही लडकूनंच. एका वादळात शेडचे पत्रे उडाले, तेव्हा नवे पत्रे खोपोलीहून त्याच्याच गाडीतून आले आणि वर चढून ते ठोकायलाही तोच होता. साईनाथ त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला दादा म्हणायचा.

गणपती उठल्यावर गाडीच्या मागून घुं घुं आवाज यायला लागला. लडकूनं ती भिसेगावात नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी साईनाथनं फोन करून बोलावलं. अ‍ॅक्सल उघडा पडला होता.

"दादा, क्राउन गेला तुजा. दात खाल्लेत पार. नवीन जोडी टाकावी लागंल."

लडकू वाकून बघायला लागला. सगळं काळ्या ऑईलनं माखलेलं. साईनाथनं वर फडका टाकला.

"राहू दे, कपडे भरतील. टाकताना विचार कर जरा. दहाचं पिनियन टाकलं तर डिझेल वाचंल. खालापूरकडं कारखान्याची भाडी मिळतात, तिकडं गाडी पळाया पायजे."

"नाय रं. माझं पोट घाटावर हाय," लडकू म्हणाला. "आठ-एकेचाळीसच टाक. दुसरा नको."

"तू म्हणशील तसं."

तीन दिवसांनी गाडी मिळाली. लडकूनं नव्या जोडीचे पैसे दिले, चहा घेतला आणि घरी आला. येताना गाडी अशी मऊ चालली की तो खूश झाला. बायकोला, जनाला म्हणालासुद्धा, "साईच्या हाताला गुण हाय."

दुसऱ्या दिवशी भरली गाडी घाटात तिसऱ्या वळणावर बंद पडली. कशीबशी उठवली, तर क्लचचा जळका वास सुटला. मागं टॅक्सीवाल्यांची रांग लागली. एकानं ओरडून म्हटलं, "काका, रिटायर व्हा आता!" दस्तुरीला पोचायला नऊ वाजून गेले. हॉटेलात नाश्त्याला दूध नव्हतं.

साईनाथ म्हणाला, "दादा, क्राउन नवा हाय, त्याचं काय नाय. इंजिन म्हातारं झालं." डिझेलच्या पंपाचं काम काढलं. ते झालं, तरी गाडी चढेना. मग क्लच बदलला. त्यानंही फरक पडला नाही. शेवटी लडकू निम्मा माल भरून दोन फेऱ्या करू लागला, पण दुसरी फेरी पोचेपर्यंत हॉटेलातलं जेवण व्हायची वेळ येई. बाजूला बसून कधी जना सोबत यायची. ती बघायची, वळण जवळ आलं की नवऱ्याचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडायचे.

हॉटेलचा कारभार बघणाऱ्या सुनीतीमॅडम कर्जतच्याच. त्यांनी दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा फोन केला.

"लडकूकाका, मला फार वाईट वाटतंय. पण दिवाळीची गर्दी तोंडावर आहे. आम्ही उन्हाळ्यापर्यंत दुसऱ्या गाडीशी ठरवलंय."

दुसरी गाडी हर्षदची होती. हर्षद म्हणजे साईनाथच्या बहिणीचा मुलगा. त्यानं पावसाळ्याआधी ठाण्याहून जुनी पिकअप घेतली होती, लडकूच्याच मेकची. लडकूच्या मनात तेव्हाही काही आलं नाही. साईनाथ स्वतःच म्हणाला होता, "दादा, पोरगं रिकामं होतं, त्याला फोन आला. मी काय नाय म्हणू?" लडकूला ते पटलं होतं. उलट त्यालाच ओशाळं वाटलं, की आपली गाडी जमेना म्हणून दुसऱ्याला जावं लागतंय.

मग एका सकाळी तो एका किराणा दुकानाचा थोडा माल घेऊन दस्तुरीला गेला. गाडी बंद करताना सहज मीटरकडं नजर गेली. घरून निघताना आकडा बरोबर शून्यावर संपत होता, म्हणून तो लक्षात राहिला होता. आता वीस किलोमीटर पुढं गेलेला दिसत होता. लडकू आकड्याकडं बघतच राहिला. घर ते दस्तुरी पंचवीस किलोमीटर. बावीस वर्षं पंचवीसच. रस्ता काय पाच किलोमीटरनं आखूड झाला?

मीटर शाफ्टच्या फेऱ्या मोजतो, हे त्याला ठाऊक होतं. शाफ्ट कमी फिरतेय. चाक तेवढंच फिरतंय.

त्यानं माल उतरवला आणि तडक घरी आला. अंगणात पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एकच चाक जॅकवर उचललं, गिअर काढला. चाकावर आणि शाफ्टवर खडूनं रेघ मारली.

"जना, ये गं जरा. मी चाक फिरवतो, तू खाली बघून शाफ्टचे फेरे मोज."

"मला काय कळतं त्यातलं?"

"रेघ वर आली की एक. एवढंच कळाया पायजे."

एकच चाक उचललेलं असलं की त्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एक फेरा, हेही साईनाथनंच सांगितलं होतं. लडकूनं दोन पुरे फेरे दिले. जना पदर कमरेला खोचून खाली वाकली होती.

"चार," ती म्हणाली. "चार आणि वर चिमूटभर."

"परत मोज."

परतही चारच. पाच व्हायला हवे होते. लडकू तिथंच चाकाला टेकून बसला. जनानं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. तरी त्याचं मन साईनाथसाठी वाट काढत होतं. दुकानदारानं चुकीची जोडी दिली असेल. साईला फसवलं असेल कुणीतरी.

ती वाटही दुसऱ्या दिवशी बंद झाली, आणि ती बंद केली हर्षदनं. नेरळच्या बाजारात तो गाडी भरत होता. लडकूला बघून हसत पुढं आला.

"लडकूकाका, तुमचे आभार मानायचेच राहिले."

"कसले रं?"

"क्राउनचे. माझ्या गाडीत दहाचं पिनियन होतं, घाटात नुसती रडायची. मामा म्हणाला, लडकूदादा घाट सोडून खालापूरच्या भाड्याला जातोय, त्यानं आपला आठ-एकेचाळीस तुला दिलाय आणि तुझा त्याला टाकलाय. काय चढते आता गाडी! आवाज नुसता बेअरिंगचा होता, तो बदलला; बाकी क्राउन नव्यासारखा हाय."

लडकू त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. पोराच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. त्याला खरंच तसं सांगितलं होतं.

"काका? काय झालं?"

"काय नाय. भर तू गाडी. उशीर होईल," लडकू म्हणाला.

भिसेगावात पोचला तेव्हा साईनाथ एका जीपखाली होता. लडकूनं हाक मारली नाही. तो बाहेर येईपर्यंत उभा राहिला. साईनाथनं त्याचं तोंड पाहिलं आणि हात पुसायला फडका शोधू लागला; फडका खांद्यावरच होता.

"माझा क्राउन गेला नव्हता, साई."

साईनाथ जीपखालचा पाना उचलायला वाकला.

"नव्या जोडीचे पैसे घेतलेस. मंग पंप. मंग क्लच. मी गाडी आणीत राहिलो आणि तू उघडीत राहिलास."

"दादा, ऐक. बहीण मागं लागली होती. पोराला गाडी मीच घ्याया लावली, ती चढंना. हप्ते कसं फेडणार होता? आणि तुजं तरी काय, अजून दोन वर्षं, नायतर तीन. मंग सोडणारच होतास ना घाट?"

"ते तू ठरवलंस?"

"तुला सांगितलं असतं तर दिला असतास क्राउन?"

लडकूनं विचार केला. खोटं बोलावंसं त्याला वाटेना.

"क्राउन नसता दिला," तो म्हणाला. "फेऱ्या दिल्या असत्या. एक दिवस त्याला, एक दिवस मला. तू नुसतं तोंड उघडायला पायजे होतंस."

साईनाथनं मान खाली घातली. मग घाईघाईनं म्हणाला, "मी आजच नवीन टाकून देतो. आत्ता उघडतो, पैसे नको."

तो पाना घेऊन वळलाही. लडकू गाडी आणि त्याच्यामध्ये उभा राहिला.

"हात लावू नको."

एवढंच बोलून तो निघाला. गॅरेजमधली माणसं बघत होती. गाडी रस्त्यावर घेताना त्याचा पहिला गिअर दोन वेळा चुकला.

संध्याकाळी हर्षद घरी आला. त्याला सगळं कळलं होतं. ओटीवर बसून म्हणाला, "काका, उद्याच काढून देतो तुमची जोडी."

"आणि तुझी गाडी घाट कशी चढंल?" लडकूनं विचारलं. मग तोच म्हणाला, "राहू दे. तू हॉटेलवाल्यांना शब्द दिलायस. पण मामाला म्हणावं, या घरी येऊ नकोस."

जनाला ते आवडलं नाही. तिचं म्हणणं, जोडी घ्यायची आणि मग राग धरायचा. दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. लडकूला तिला सांगता आलं नाही, की तो क्राउन परत बसवला असता तर प्रत्येक वळणावर साईनाथच आठवला असता.

गंमत अशी, की ज्याचं नाव घेऊन खोटं बोललं गेलं, ते खालापूरचं भाडं त्याला खरंच मिळालं. तिथल्या एका नर्सरीची रोपं पनवेलपर्यंत पोचवायची. सपाट रस्ता, हलका माल. दहाच्या पिनियनवर गाडी झकास पळायची, इंजिन शांत असायचं, डिझेल वाचायचं. साईनाथ म्हणाला होता तस्संच. आणि नेमकं तेच लडकूला सोसत नव्हतं. गाडी जेवढी छान पळे, तेवढा त्याचा जीव आत जळे.

पण दस्तुरीचे दोन दुकानदार अजून त्यालाच बोलवत होते. घाट पुरता सुटला नव्हता आणि पुरता राहिलाही नव्हता. थंडी पडायच्या सुमारास त्यानं खोपोलीतल्या एका अनोळखी मेकॅनिककडं गाडी नेली. मनोज त्याचं नाव. त्यानं विचारलं, "कुठला टाकू काका? आठ का दहा?"

"मधला मिळंल? नऊ-एकेचाळीस?"

"मिळंल. घाट चढंल, पण पहिल्यासारखा नाय. हायवेला पळंल, पण आतासारखी नाय."

"चालंल," लडकू म्हणाला.

नवी जोडी खोक्यातून निघाली. मनोज ती उचलून आत न्यायला लागला, तर लडकूनं त्याच्या हातावर हात ठेवला. फरशीवर उकिडवा बसला, पिनियनचे नऊ दात मोजले आणि मग क्राउनच्या एका दाताला खडू लावून एकेक दात बोटानं मोजायला लागला. मनोजनं खोकं त्याच्यापुढं धरलं.

"काका, वरती छापलेलं हाय. नऊ, एकेचाळीस. भरवसा नाय का माझ्यावर?"

चांगला मुलगा होता. त्याचा काहीच दोष नव्हता. लडकूला हे कळत होतं, आणि कळूनही त्याला हात उचलता येईना. बोलण्यात मोजणी चुकली होती. त्यानं बोट खडूच्या दातावर परत आणलं आणि एकपासून पुन्हा सुरुवात केली.