हळदीच्या गाण्यातला सौरभ

उमापूरच्या भिमाबाईंना बोलावलं नाही, तर त्या घरची हळद फिकी पडते असं आसपासच्या गावांतल्या बायका म्हणतात. भिमाबाईही तेच म्हणतात, आणि जरा मोठ्यानं म्हणतात. गाणं त्यांचं, चाल त्यांची. नवरदेवाचं, त्याच्या आईचं, वहिनीचं नाव मात्र ज्या त्या घरचं. नावं गुंफली नाहीत तर ते हळदीचं गाणं कसलं?

बायका ते फोनात भरून घ्यायच्या, एकमेकींना धाडायच्या. भिमाबाईंनी कधी कुणाला अडवलं नाही. त्या पोचायच्या आधी गाणंच पुढच्या गावात पोचलेलं असलं, की त्यांना कोण आनंद व्हायचा! मग सून दीपमालानं त्यांच्या नावानं इंटरनेटवर चॅनल काढलं आणि पुतण्या सौरभच्या हळदीतलं गाणं त्यावर चढवलं.

एक दिवस ते गाणंच गायब झालं. जागेवर नुसता मजकूर होता: या गाण्यावर एका म्युझिक कंपनीचा हक्क आहे, पुन्हा असं केलंत तर चॅनल बंद होईल.

“म्हंजी मी चोर?” भिमाबाईंनी विचारलं.

“तसं न्हाई, आत्याबाई. हे कॉम्प्युटर ठरवतंय.”

“त्यो कॉम्प्युटर आलता का सौरभच्या हळदीला?”

सवाल बिनतोड होता, पण जवाब द्यायला समोर माणूसच नव्हता. त्यात गावात कुणीतरी बोललं, “दुसऱ्याची गाणी म्हणत होती म्हणं.” ते भिमाबाईंच्या फार जिव्हारी लागलं. उभ्या जन्मात कमावलेलं नाव असं जावं, या विचारानं त्यांना रडू यायचं. बोलावणं आलं तर घसा बसलाय म्हणून सांगायच्या. घसा चांगला ठणठणीत होता.

केजला भाच्याची, तानाजीची हळद होती. तिथं न जाऊन भागणार नव्हतं. गेल्या, पण कोपरा धरून बसल्या. त्या गात नाहीत म्हटल्यावर पोरांनी डीजे लावला. धडधडाट सुरू झाला, तानाजीच्या गालाला हळद लागली आणि स्पीकर ओरडला, ‘सौरभ नवरा गं, हळदीनं पिवळा गं!’

सगळ्यांचे हात जागीच थांबले. तानाजीची आत्या वत्सलाबाई खेकसली, “ह्यो सौरभ कोण हाय? आमच्या तान्याला हळद लावायलाव का दुसऱ्याला?”

“बदल ना बे!” पिवळाधमक तानाजी डीजेवाल्यावर ओरडला.

“कंपनीचं ओरिजनल हाय, भाऊ!”

भिमाबाई ताडकन उठल्या. त्या धडधडाटाखाली आवाज त्यांचाच होता. “आगं, ह्यो तर आपला सौरभ! आयका आता, म्होरं त्याची वहिनी दीपमाला येतीया.”

आणि खरंच आली. मांडवात हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपनीनं कुणाच्या तरी फोनातलं गाणं उचललं होतं, खाली ढोल घातले होते आणि मालक होऊन बसली होती. पण नावं म्हणजे गाण्याचेच बोल समजून तशीच ठेवली! ज्यांनी आमच्याकडची हळद कधी पाहिली नाही, त्यांना काय ठाऊक की गाण्यातला नवरदेव हाडामांसाचा असतो? भिमाबाईंनी डीजे बंद करायला लावला आणि तानाजीचं नाव घेऊन असा सूर लावला, की बसलेल्या घशाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

दीपमालानं चॅनलवरून हरकत धाडली. सुरुवात ‘सप्रेम जय भीम’, सोबत सौरभची लग्नपत्रिका, आणि शेवटी लिहिलं: गाण्यातला नवरदेव उमापूरला राहतो, केव्हाही येऊन भेटावे. भेटायला कोण येतंय! काही आठवड्यांनी कंपनीनं गुपचूप दावा मागं घेतला. माफीचा एक शब्द नाही; पण गाणं परत आलं.

“काकू, आता कुणाला डाउनलोडच होऊ द्यायचं न्हाई,” सौरभ म्हणाला.

“कावून? लोकांनी माझं काय वाईट केलंय?”

त्यांनी दीपमालाला फोन धरायला लावला आणि तेच गाणं नव्यानं गायल्या. नवरदेवाचं नाव यायचं तिथं नुसत्या टाळ्या वाजवल्या. आत्याबाई नाव विसरल्या असं वाटून दीपमाला रेकॉर्डिंग थांबवणार, तोच त्यांनी ‘चालू दे’ म्हणून मान हलवली. शेवटच्या कडव्यात मात्र जागा मोकळी सोडली नाही. तिथं ‘उमापूरची भिमा गाते’ असं खणखणीत म्हटलं.

“हे चढव,” त्या म्हणाल्या. “आन खाली लिही, ज्याला पायजे त्यानं न्या. नवरा तुमचा घाला. गाणारी मातर मीच ऱ्हाईन.”