देवदार आणि शिंपला यांच्यामधल्या सासूबाई

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींशी तोलून पाहिल्याशिवाय माझ्या सासऱ्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. सौंसरला आयुष्यभर जीवशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम. माझं गाव पांढुर्णा छिंदवाड्यातून फुटून वेगळा जिल्हा झालं तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "चांगलं झालं जावईबापू. पण छिंदवाड्याशी तुलना केली तं तुमच्याकडे बाजार सोडून हाय काय?" आणि हे समजावता समजावता पेढ्यांचा पुडा संपवला.

निवृत्तीनंतर सासूबाईंना फिरायला न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. समुद्र की हिमालय, एवढंच ठरायचं होतं. समुद्रातर्फे मी कोकणातून आणलेला शिंपला आणि हिमालयातर्फे त्यांच्या फौजेतल्या पुतण्याने आणलेलं देवदाराचं फळ, असे दोन उमेदवार ओसरीवर मांडले गेले. येणाऱ्या प्रत्येकाला सासरे विचारत, "दोघंही वर्षं अंगावर लिहितात. देवदार ती खोडातल्या कड्यांत लपवतो, शिंपला पाठीवरच्या रेघांत मिरवतो. आता सांगा, श्रेष्ठ कोण?" पाहुणा 'शिंपला' म्हणाला की सासरे देवदाराचं वकीलपत्र घेत, 'देवदार' म्हणाला की शिंपल्याचं. दूधवाला तर भांडं फाटकावरच ठेवून पळायचा.

तोवर सासऱ्यांच्या बगीच्यात संत्र्याचा हंगाम येई. भरपूर फुलं यावीत म्हणून आमच्याकडे बगीच्याचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पाणी परत कधी सोडायचं, हे सासरे एका पानाकडे पाहून सांगत. तिथे तुलना नाही, चर्चा नाही. एकदा ते असेच पाणी सोडायला निघाले तेव्हा सासूबाई दारात आल्या.

"झाडाले ताण देता तं वेळेवर पाणीबी सोडता. मले इतके वर्सं ताण देऊन राहिले. वाळल्यावर सोडान काय?"

सासरे चप्पल अर्धी घालून थांबले. "अवो, निर्णय होऊनच राहिला..."

"होऊ द्या. मी बॅग भरून राहिली."

त्याच दिवशी मला फोन आला. "जावईबापू, तिकिटं काढा."

"कुठली?"

"तिले विचारतो."

सासूबाईंनी समुद्र सांगितला. परत आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? सासरे म्हणाले, "ही पाण्यात उभी राहून हसून राहिली होती. अशी पयल्यांदाच पाहिली. तुलना कशाशी करू?"

ओसरीवरचा शिंपला सासूबाईंनी सोबत नेऊन समुद्रातच सोडला. पुढच्या वर्षी हिमालय ठरला होता, पण आता डॉक्टरांनी सासूबाईंना चढण बंद केली आहे. देवदाराचं फळ ओसरीवर एकटंच असतं. दूधवाला हल्ली थेट आत येतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही.