पेटवायची राहिलेली भट्टी

माझी धाकटी जाऊ कुंभारकाम करते. घरातील सर्व माणसे तिला चुळबुळी म्हणतात आणि ते नाव तिला शोभते. वाळत ठेवलेले भांडेही ती सारखे उचलून पाहते. त्यामुळे आमच्या पुष्कळ भांड्यांवर तिच्या अंगठ्याचा ठसा असतो.

मागील वर्षी तिने एका रोपवाटिकेसाठी कुंड्यांची मोठी भट्टी रचली. कच्च्या कुंड्यांत ओल राहू नये म्हणून भट्टी पेटवण्यापूर्वी तिच्या पुढच्या तोंडाशी निखारे ठेवून आम्ही मंद ऊब देतो. त्या उबेला एक रानमांजरी मागच्या तोंडाने आत शिरली आणि व्याली. सकाळी जाऊने वाकून पाहिले, तेव्हा आतून फिस्कारण्याचा आवाज आला आणि तिच्या हातावर ओरखडा उमटला.

"धूर करू. आपोआप पळेल," माझे दीर म्हणाले.

"आई पळेल हो. पिल्लं कशी पळतील?"

"मग पिल्लं शाळेत जाईपर्यंत थांबायचं का?"

"तुम्ही गेला होतात ना शाळेत? काय फरक पडला?"

तथापि दिरांचे म्हणणे वावगे नव्हते. माल वेळेवर गेला नाही, तर गिऱ्हाईक दुसरा कुंभार पाहणार होते. जाऊला कुंड्याही शाबूत हव्या होत्या आणि पिल्लेही जिवंत हवी होती. तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती चाकावर बसे, माती आकार घेण्यापूर्वीच उठे आणि चिखलाच्या हातांनी मागच्या तोंडाशी जाऊन वाके. परतताना पुढे आणखी निखारे घाली. तिने तेथे दुधाची वाटी ठेवली. ती आमच्या कुत्र्याने चाटली आणि आतले फिस्कारणे वाढले.

शेवटी मी म्हणाले, "अगं, बाळंतिणीची खोली तूच गरम ठेवतेस आणि दारात पहाराही तूच देतेस. ती जाईल कशाला आणि कुठून?"

"पण ताई, निखारे काढले तर कुंड्या ओल धरतील. भट्टीत तडकतील."

"काही तडकतील."

तिने स्वतःच निखारे बाहेर ओढले. कुत्रा बांधला. परंतु मागे जायचे नाही, हे तिला जमेना. ती माझ्याजवळ बसून निवडलेले धान्य पुन्हा निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रानमांजरी तोंडात पिल्लू धरून कुंपणापलीकडच्या झुडपांत गेली. परत आली. पुन्हा एक घेऊन गेली. जाऊ उठू लागली, तेव्हा दिरांनीच तिचा खांदा दाबला. "बस खाली. तिचं सामान अजून हलायचंय."

भट्टी पेटली. खालच्या थरातील कुंड्या तडकल्या. गिऱ्हाईकाने चांगल्या तेवढ्या नेल्या, पण पुढची मागणी दिली नाही. दिरांनी ते तिला पुष्कळ दिवस ऐकवले.

आता ती मागच्या तोंडाला जाळी लावते आणि झुडपांजवळची पायवाट सोडून लांबच्या वाटेने माती आणते. मात्र काल तिने मला विचारले, "त्या झुडपांत गारठा फार असेल, नाही का हो ताई?"

मी उत्तर दिले नाही. काहीही म्हटले असते, तरी ती पाहायला गेली असती.