लेकीच्या तापापायी महादेवाशी भांडण

त्या महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो तो महादेवाच्या पाया पडायला नाही, त्याला जाब विचारायला. माझी चार वर्षांची लेक सखू महिन्याआड तापाने फणफणायची. आमच्या जंगलात ताप म्हणजे हिवतापच, म्हणून तिला इतकं कोयनेल पाजलं की तिला चावलेला डास तोंड वाकडं करून थुंकत असेल. पोर अंथरूण भिजवते म्हणून शेजारणी तिच्या आईचा न फेडलेला नवस काढायच्या. आणि मी, तळ्यावर मासे मारून जगणारा, जन्म पाण्यात गेलेला शहाणा, मी पोरीचं पाणीच तोडलं. दिवस मावळला की घोटभर नाही. तरी ताप यायचाच. मग राग देवावर काढला.

जत्रेच्या तोंडाशी दवाखान्याची माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला पटकीची सुई टोचत होती. ती सुई लोखंडी सब्बलीएवढी होती, मी पाहिली आहे. सखूला खांद्यावर घेऊन गाड्यांमागून सटकलो तो थेट डॉक्टरीणबाईंवर आदळलो.

"काऊन पळून राह्यले भाऊ? वाघ लागला का मांगं?"

"पोरीले ताप हाय बाई. तिले नोका टोचू."

त्यांनी मला टोचलंच. मग सखूची कंबर मागून दाबली, तशी ती कळवळली. मुतताना रडते का, पाणी किती पिते, सगळं विचारलं. मी सांगितलं, धंदाही सांगितला. बाई अशा भडकल्या की देवळातल्या नंदीने मान वळवली असेल.

"तळ्यावरचा माणूस, अन् लेकराले तहानेनं मारता?"

मग जरा निवून म्हणाल्या, "तुमच्या बांबूच्या सापळ्यात मासा आत जाते, मांगं फिरत नाई. मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरणाऱ्या नळीचं तोंड तसंच असते. हिचं बहुतेक ढिलं हाय. लघवी उलटी वर चढते, संगं रोग नेते. असंच चाललं तर मूत्रपिंड जाईन." नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली.

पिंडीसमोर उभा राहिलो तेव्हा भांडण जिभेवर तयार होतं. पण शिव्या कोणाच्या वाट्याच्या, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. मी नुसता रडलो.

नागपूरला लघवीच्या वाटेने आत रंग सोडून फोटो काढला. बाईंचं खरं निघालं. गोळ्या दिल्या, भरपूर पाणी पाजायला सांगितलं, आणि लघवी झाली की थोडं थांबून पुन्हा बसवायला. वर चढलेली खाली येते. पुष्कळ लेकरांचं ते तोंड वाढत्या वयात आपोआप आवळतं म्हणे.

वर्ष झालं, ताप नाही. सखू पुन्हा बसते तोवर मी कुंपणाआड पाठ करून उभा असतो आणि महादेवाचं नाव घेतो. देवळात कधी इतकं मन लागलं नाही. हजार सापळे विणले मी, पण हे एवढंसं तोंड मला विणता येत नाही. पाणी पाजणं माझ्याकडे, आवळणं त्याच्याकडे.

"झालं बाबा," सखू आतून म्हणते, आणि मी हात जोडतो.